चौदा, पंधरा आणि एक रिकामे घर

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा चाळीस वर्षांचा संसार पोटमाळ्यावरून खाली उतरवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. दादा नेरूळला राहतो, त्याचे गुडघे दुखतात, आणि शिडी चढण्याची वेळ आली की ते नेमके जास्त दुखतात. तीन दिवस मी घंगाळे, सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि ज्यांची कुलपे हरवली आहेत अशा किल्ल्या खाली काढत होते. चौथ्या दिवशी बिस्किटांच्या एका गंजक्या डब्यात ते कोडे सापडले. तळहाताएवढी प्लास्टिकची चौकट, तिच्यात चार ओळी, प्रत्येक ओळीत चार घरे, एक ते पंधरा आकड्यांच्या सोंगट्या आणि सरकायला जागा मिळावी म्हणून सोडलेले एक रिकामे घर.

१९८३ च्या गणपतीत जांभळी नाक्याच्या बाजारातून बाबांनी ते आमच्यासाठी आणले होते, पण आमच्यापेक्षा जास्त तेच त्यात रमले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून घरी आले, चहा झाला, की ते गॅलरीतल्या खुर्चीवर बसून सोंगट्या सरकवत असत. पहिल्या तीन ओळी त्यांना झोपेतही लावता आल्या असत्या. अडायचे ते शेवटच्या ओळीत. तिथे तेरा जागेवर यायचा आणि त्याच्यापुढे पंधरा, मग चौदा. कितीही वेळा मोडून पुन्हा लावले, तरी तेरा, पंधरा, चौदा. पहिल्या काही दिवसांत त्यांना ते जमले होते, असे आई सांगायची; नंतर मात्र कधीच नाही. ते हसून म्हणायचे, "माझंच डोकं कमी पडतंय."

त्यांचे डोके कमी पडत नव्हते, हे मला कॉलेजात समजले. पण तोवर त्यांनी कोडे बाजूला ठेवले होते, आणि त्यांना जाऊन सांगावे असे मला तेव्हा सुचले नाही.

हे कोडे १८८० च्या सुमारास अमेरिकेत साथीसारखे पसरले. नॉइस चॅपमन नावाच्या एका पोस्टमास्तरांनी ते तयार केले होते. कोडी रचण्यात नाव कमावलेल्या सॅम लॉइड यांनी पुढे त्याचे जनकत्व खुशाल स्वतःकडे घेतले आणि फक्त चौदा-पंधरा उलटे असलेली मांडणी सरळ करून दाखवणाऱ्याला हजार डॉलरचे बक्षीस लावले. ते पैसे अगदी सुरक्षित होते. कारण १८७९ मध्येच जॉन्सन आणि स्टोरी या दोन गणितज्ञांनी ती मांडणी सुटणे अशक्य असल्याचे दाखवून दिले होते. अवघड असणे आणि अशक्य असणे यांत फार फरक आहे. अवघड गोष्टीपुढे माणूस थकतो; अशक्य गोष्टीपुढे, ती अशक्य आहे हे ठाऊक नसेल, तर तो स्वतःला कमी लेखत बसतो.

ही अशक्यता सिद्ध करायला कागद, पेन्सिल आणि थोडा धीर एवढेच लागते. रिकामे घर सोडून सगळे आकडे डावीकडून उजवीकडे, वरून खाली, पुस्तकातल्या ओळींसारखे वाचायचे, आणि मोठा आकडा लहान आकड्याच्या आधी आला आहे अशा जोड्या मोजायच्या. त्यांना आपण उलट्या जोड्या म्हणू. कोडे सुटलेले असते तेव्हा उलटी जोडी एकही नसते. फक्त चौदा-पंधरा उलटे असतील तर ती एकच असते. आता सोंगटी आडवी सरकवली तर वाचनाचा क्रम बदलतच नाही. उभी सरकवली तर ती वाचनक्रमात बरोबर तीन सोंगट्यांना ओलांडते, आणि प्रत्येक ओलांडण्यात एक उलटी जोडी वाढते किंवा कमी होते. म्हणजे एकूण बदल नेहमी विषम असतो. त्याच वेळी रिकामे घरही एक ओळ वर किंवा खाली जाते. तेव्हा उलट्या जोड्यांची संख्या आणि रिकामे घर वरून कितव्या ओळीत आहे तो आकडा, यांची बेरीज केली, तर ती सम असल्यास समच राहते आणि विषम असल्यास विषमच. सुटलेल्या कोड्यात ही बेरीज शून्य अधिक चार, म्हणजे सम. चौदा-पंधरा उलटे असताना एक अधिक चार, म्हणजे विषम. एकीकडून दुसरीकडे जाणारा रस्ताच नाही. सुटलेल्या कोड्यापासून सरकवत सरकवत पोचता येईल अशा मांडण्या दहा लाख शेहेचाळीस हजार कोटींहून अधिक आहेत, आणि त्या सगळ्यांत ती एक मांडणी नाही. तेवढ्याच मांडण्या पलीकडच्या तीरावर आहेत, आणि बाबा रोज संध्याकाळी त्या तीरावरून चालत होते.

बदलांच्या गर्दीत न बदलणाऱ्या अशा गोष्टीला आमच्या वर्गात सरळ इन्व्हेरियंट म्हणत. मला त्यासाठी शाळेतल्या व्याकरणाचा 'अविकारी' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. नाम, सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद या विकारी जाती, आणि अव्यये अविकारी, हे आपण सगळ्यांनीच पाठ केले आहे. पाठ केल्यामुळेच त्यातली गंमत निसटते. संस्कृत वैयाकरणांनी अव्ययाची व्याख्या नुसती 'जे बदलत नाही ते' अशी केली नाही. तिन्ही लिंगांत, सर्व विभक्तींत आणि सर्व वचनांत सारखे राहून जे बदल पावत नाही, 'यन्न व्येति तदव्ययम्', असे ते म्हणतात. काय काय बदलून पाहायचे याची यादी आधी, आणि न बदलणारे काय ते नंतर. ही यादी नसेल तर 'अविकारी' या शब्दाला अर्थच उरत नाही. १८७२ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठात गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी भूमिती म्हणजे काय याचे जे उत्तर दिले, त्याचा गाभा हाच होता. कोणते बदल चालतील ते आधी ठरवा. त्या बदलांत जे टिकते त्याचा अभ्यास म्हणजे तुमची भूमिती. आकृती फक्त सरकवायची आणि फिरवायची असेल तर लांबी टिकते. लहानमोठी करायची मुभा दिली तर लांबी जाते पण कोन टिकतात. रबरासारखी ताणायला परवानगी दिली तर कोनही जातात, आणि भोके किती आहेत एवढेच काय ते उरते.

(व्याकरणाच्या बाईंना मी एकदा विचारले होते की क्रियाविशेषण जर अविकारी, तर 'तो चांगला गातो' आणि 'ती चांगली गाते' यांचे काय करायचे. मला वर्गाबाहेर जाऊन विचार करायला सांगण्यात आले.)

यादी बदलली की उत्तर कसे पालटते, हे मला गणिताच्या वर्गाआधी आत्याच्या पेटीने दाखवले होते. आत्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. ऐन उमेदीत ती काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज (सा) धरून, गायची. साठी उलटल्यावर आवाज उतरला, तेव्हा काळी दोनवर आली. तिच्या भूपातला एकेक स्वर आता निराळ्या कंपनसंख्येचा होता. प्रत्येक स्वराला पूर्वी जी पट्टी असे, ती आता बदलली होती. पण तिचा राग बदलला, असे कोणीही म्हटले नाही. आपल्या संगीतात षड्ज ज्याचा त्याने आपल्या गळ्याप्रमाणे निवडायचा असतो. षड्जापासून इतर स्वर किती अंतरावर आहेत एवढेच राग पाहतो. सगळे सप्तक उचलून वर-खाली नेणे, या बदलात राग अविकारी असतो. (राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, चलन आहे, न्यास आहे, हे सांगणारी पत्रे मला येतील, ती मला मान्य आहेत.)

आता दुसरा बदल करून पाहू. पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या घ्या, एका सप्तकात पाच. काळी तीनला षड्ज मानून चढत जा, तर सा रे ग प ध, म्हणजे भूप. त्याच पाच पट्ट्या, एकही न सोडता, एकही नवी न घेता, काळी पाचला षड्ज मानून वाजवा, तर सा, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद मिळतात, म्हणजे मालकंस. काळी एकपासून दुर्गा होतो, काळी दोनपासून धानी, काळी चारपासून मेघाचे स्वर. जाणकार याला मूर्च्छनाभेद म्हणतात. आत्या हा प्रकार आम्हाला जादूसारखा करून दाखवायची, आणि बालपणीच्या त्या जादूचा खरा अचंबा मला पुष्कळ उशिरा वाटला. पहिल्या प्रकारात सगळ्या स्वरांच्या पट्ट्या बदलल्या आणि राग तोच राहिला. दुसऱ्या प्रकारात एकही पट्टी बदलली नाही आणि राग पार पालटला. 'तेच' या शब्दावर तेव्हापासून माझा विश्वास थोडा कमी झाला आहे.

ठाण्याहून मुलुंडकडे जाताना धीमी आणि जलद गाडी काही क्षण शेजारी शेजारी धावतात. दोघींचा वेग जुळला की समोरच्या खिडकीतला माणूस स्थिर वाटतो, आणि मग आपली गाडी मागे सरकते आहे की त्याची पुढे, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. हा अनुभव ज्याला आला नाही असा ठाणेकर विरळा. गॅलिलिओने १६३२ मध्ये हीच गोष्ट जहाजाच्या बंद खोलीत बसून सांगितली आहे. जहाज संथ, एका वेगाने चालले असेल, तर आत उडणारी फुलपाखरे, भांड्यातले मासे आणि थेंब थेंब गळणारे पाणी यांच्याकडे कितीही निरखून पाहिले, तरी जहाज उभे आहे की चालते आहे ते कळत नाही. वेग बदलला तरी आतले नियम बदलत नाहीत. इथेही यादी महत्त्वाची आहे. एकसारखी गती चालते, गचका चालत नाही. ब्रेक लागला की दारात उभ्या असलेल्या सगळ्यांनाच ते ताबडतोब कळते.

१९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाशाचा निर्वातातला वेग, सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर, हासुद्धा न बदलणाऱ्यांच्या रांगेत बसवला, आणि त्याची किंमत म्हणून आजवर तिथे बसलेल्या दोघांना उठवावे लागले: अंतर आणि काळ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हा तिने ३४ किलोमीटर अंतर कापले, असे आपण म्हणतो. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचे हे मोजमाप आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतल्या प्रवाशासाठी तोच लोहमार्ग किंचित आखूड असतो. किती आखूड, हा हिशेब मी मागे एकदा कांजूरमार्ग येईपर्यंत मनाशी केला होता: साधारण एका अणूच्या रुंदीएवढा. लोकलने कोणाचा पास स्वस्त होणार नाही. पण ३४ किलोमीटर हा आकडा तत्त्वतः सगळ्यांचा नाही, ही गोष्ट त्या अणूएवढ्या फटीतून दिसते.

मग सगळ्यांचे म्हणावे असे काय उरते? १९०८ मध्ये गणितज्ञ मिन्कोव्स्की यांनी ते दाखवले. ठाण्याचा नकाशा टेबलावर फिरवला की घरापासून स्टेशनपर्यंतचे उभे अंतर आणि आडवे अंतर दोन्ही बदलतात, पण त्यांच्या वर्गांच्या बेरजेतून येणारे सरळ अंतर तेच राहते. वेग बदलणे हेही एका परीने असेच फिरवणे आहे. फक्त इथे बेरजेऐवजी वजाबाकी करावी लागते. दोन घटनांमधल्या काळाला प्रकाशवेगाने गुणून त्याचा वर्ग करायचा, आणि त्यातून अंतराचा वर्ग वजा करायचा. प्रत्येकाचा काळ वेगळा, प्रत्येकाचे अंतर वेगळे, ही वजाबाकी मात्र फलाटावरच्या आणि गाडीतल्या माणसाची एकच येते. क्लाइन यांनी या सिद्धांताला अविकारी राशींचा सिद्धांत म्हणावे, असे सुचवले होते. ते नाव रुजले असते तर बरे झाले असते. 'आइन्स्टाइनने सांगितलंच आहे, सगळं सापेक्ष असतं' हे वाक्य सोसायटीच्या सभेतसुद्धा ऐकावे लागते, आणि आइन्स्टाइन यांचा सगळा खटाटोप जे सापेक्ष नाही ते शोधण्यासाठी होता, हे सभेच्या इतिवृत्तात लिहिता येत नाही.

या गोष्टीतली मला सर्वांत आवडणारी व्यक्ती मात्र गणितज्ञ एमी नोएथर. १९०७ मध्ये एर्लांगेन विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला, तो अविकारी राशींच्या आकडेमोडीवर होता. त्यात अशा ३३१ राशींची जंत्री होती, आणि पुढे त्या स्वतःच त्याला केरकचरा म्हणत. क्लाइन आणि हिल्बर्ट या गणितज्ञांच्या बोलावण्यावरून १९१५ मध्ये त्या गटिंगेनला आल्या. बाई असल्यामुळे त्यांना अध्यापनाचा अधिकार मिळेना, म्हणून काही वर्षे हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर झालेली व्याख्याने त्या देत; तो अधिकार १९१९ मध्ये मिळाला. त्याआधीच, १९१८ मध्ये, त्यांनी असे सिद्ध केले होते की भौतिकीचे नियम ज्या ज्या सलग बदलात अविकारी असतात, त्या प्रत्येक बदलामागे निसर्गात एक राशी अक्षय्य राहते. आज केलेला प्रयोग उद्या केला तरी नियम तेच, म्हणून ऊर्जा अक्षय्य. ठाण्यात केलेला प्रयोग पनवेलला केला तरी नियम तेच, म्हणून संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्य. टेबल कोणत्याही दिशेला वळवले तरी नियम तेच, म्हणून कोनीय संवेग अक्षय्य. शाळेत हे तीन नियम आम्हाला वेगवेगळ्या धड्यांत, काहीच नाते नसल्यासारखे शिकवले होते. ऊर्जा नष्ट होत नाही हे पाठ होते. का होत नाही, असा प्रश्न विचारता येतो आणि त्याला 'कारण उद्याचा दिवस आजच्यासारखाच आहे' इतके साधे उत्तर आहे, हे कळले तेव्हा मी विशीत होते आणि तलावपाळीच्या कट्ट्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

न बदलणारे शोधून काढावे लागते, नेमून चालत नाही. याचा उत्तम दाखला किलोग्रॅमचा. पॅरिसजवळच्या सेव्र इथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल काचेच्या हंड्यांखाली जपून ठेवलेला आहे, आणि १८८९ पासून त्याचे वस्तुमान म्हणजेच एक किलोग्रॅम, अशी व्याख्या होती. जांभळी नाक्यावर बटाटे तोलणाऱ्या वजनाचा वंश मागे मागे नेला तर तिथे पोचायचा. शंभर वर्षांनी त्याची त्याच्या अधिकृत प्रतींशी तुलना केली, तेव्हा सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला. आता चूक कोणाची? व्याख्येप्रमाणे तो दंडगोल बदलूच शकत नव्हता. तो हलका झाला असे म्हणण्याऐवजी उरलेले सगळे विश्व जड झाले, असे म्हणणे भाग होते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्याच एका न बदलणाऱ्या राशीवरून होते, आणि तो दंडगोल इतर कोणत्याही धातूच्या तुकड्यासारखा वजन बदलायला मोकळा झाला आहे. आमच्या पुनर्विकासाच्या बैठकीत कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप अशी एकाच घराची तीन क्षेत्रफळे फळ्यावर लिहिलेली पाहताना मला त्या दंडगोलाची आठवण झाली होती. भिंती होत्या तिथेच होत्या.

तर ते कोडे. सामान टेम्पोत जाण्याआधी, रिकाम्या घरात, जमिनीवर बसून मी सोंगट्या आहेत तशाच ठेवून उलट्या जोड्या मोजल्या. त्रेचाळीस. रिकामे घर दुसऱ्या ओळीत. बेरीज पंचेचाळीस, विषम. पुन्हा मोजल्या, तेवढ्याच आल्या. बाबांच्या बोटांखाली त्या चौकटीत किती हजार वेळा सोंगट्या सरकल्या असतील. पण नुसत्या सरकवण्याने तो विषमपणा यावा किंवा जावा, हे शक्य नव्हते. सोंगट्या कोणीतरी चौकटीतून बाहेर काढून पुन्हा भरल्या होत्या. एका कोपऱ्यात कंपासपेटीतल्या कर्कटकाचे टोक घालून किंचित दाब दिला की सोंगटी टचकन बाहेर येते; काढलेल्या सोंगट्या डोळे मिटून कशाही भरल्या, तर निम्म्या वेळा कोडे सुटते, निम्म्या वेळा नाही. चाळीस वर्षांपूर्वी काही सेकंदांत घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार तिथे जसाच्या तसा बसून होता. अर्थात तो फार बोलका साक्षीदार नाही. सम की विषम, एवढेच तो सांगतो. कोणी, ते सांगत नाही; आणि एकदा उलटे केलेले कोणी पुन्हा सरळ केले असेल, तर त्याला घडल्याचा पत्ताही नसतो.

माझा संशय लहानपणापासून दादावर होता. मी त्याला तिथूनच फोन केला, बेरीज समजावून सांगितली, आणि बाबा किती वर्षे स्वतःच्या डोक्याला दोष देत बसले याचीही आठवण करून दिली. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"मी काढल्या होत्या," तो म्हणाला. "दोनदा. पहिल्यांदा चौदा-पंधरा उलटे लावले. मग बाबांचा चेहरा बघवेना, म्हणून आठ दिवसांनी परत काढून सरळ केले. आता तूच सांग, तिसऱ्यांदा कोणी काढल्या?"

मी त्याला विचारले, रविवारी टेम्पो किती वाजता येणार आहे.